गेटवर, घाटात आणि गॅरेजात जाणारे ड्रायव्हरचे तास कसे लिहायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांच्या ट्रान्सपोर्टमध्ये तुम्ही हल्लीच गाड्या बघायला लागलात, चाकणहून कोल्हापूर-बेळगाव आणि न्हावा शेवा अशा लाईन चालतात, ड्रायव्हर कंपनीच्या गेटबाहेर सात-सात आठ-आठ तास उभा असतो, कधी बोरघाटात अडकतो, कधी गाडी गॅरेजला लागते. हे तास ड्यूटीत लिहायचे का आरामात, कारण जीपीएसच्या रिपोर्टमध्ये सगळं एकसारखं 'स्टॉप' दिसतं आणि काका म्हणतात गाडी उभी होती ना, मग झोपलाच असणार की तो.

मी पुण्यात बरीच वर्षं गाड्यांचं ऑपरेशन बघतोय, आधी दुसऱ्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये आणि आता ड्रायव्हर ट्रेनिंग आणि सेफ्टीचं काम करतो, आणि हा प्रश्न कोणी विचारला की मला खरंच बरं वाटतं कारण बहुतेक ठिकाणी तो कोणी विचारतच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उभी होती का चालू होती हे बघून काहीच ठरत नाही. बघायचं ते हे की त्या वेळात ड्रायव्हर मोकळा होता का. मोकळा कधी धरायचा, तर गाडीकडं आणि मालाकडं बघायला दुसरं कोणीतरी आहे, हाक आली की उठायची सक्ती नाही, आणि आपल्याला किती वाजेपर्यंत सुट्टी आहे हे त्याला आधीच सांगितलंय. हे तिन्ही असेल तर बिनधास्त आराम लिहा. यातलं एक जरी नसेल तर आरामाच्या रकान्यात तो वेळ टाकू नका, मग इंजिन बंद असो नाहीतर माणूस सीटवर आडवा झालेला असो.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात कामाचे तास म्हणजे काय ते लिहिलंय, ज्या वेळात कामगार मालकाच्या किंवा त्याच्याकडून काम करून घ्यायचा हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या हाताशी असतो तो वेळ. गाडी चालायच्या वेळातून मधला खोळंबा वगळायचा असेल तर तो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असला पाहिजे आणि त्या वेळात माणूस आपल्या मर्जीप्रमाणं वेळ घालवायला मोकळा पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्या कामात असला पाहिजे, पण मग ते दुसरं काम कामाच्या तासांत येतंच. कारण गाडी भरणं, खाली करणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, रजिस्टरवर सह्या, हिशेब, गाडी ताब्यात घेणं आणि लावणं हे सगळं जोडकाम म्हणून त्याच व्याख्येत मोजलेलं आहे. हा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण दिवसाला ८ तास आणि ओव्हरटाईमला दुप्पट दर हे त्यातही आहे, आणि तास मोजायची रीत मी अजून १९६१ चीच वापरतो कारण ती रस्त्यावरच्या माणसाला लगेच कळते. ती रीत अशी: दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांबच्या रूटला मंजुरी घेऊन फार तर १० आणि ५४, सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास सुट्टी, दोन दिवसांच्या ड्यूटीमध्ये सलग ९ तास आराम, आणि सकाळी ड्यूटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा पसारा १२ तासांच्या आत. आणि तुमच्याकडं पाचपेक्षा कमी माणसं आहेत म्हणून १९६१ चा कायदा आपल्याला नाही असं काका म्हणतील, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ट्रान्सपोर्टच्या गाडीवरच्या कुठल्याही माणसासाठी हेच तास धरायला सांगतं, त्यात असा आकडा नाही.

आता एक अडचणीची जागा आहे ती लपवत नाही. त्याच व्याख्येत असं आहे की टर्मिनलवरची नुसती हजेरी १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर ती कामाच्या तासांत धरायची. यावरून मालक लोक उलटा अर्थ काढतात की १५ मिनिटांच्या वरची हजेरी धरायचीच नाही, आणि वाद झाला तर ते हेच वाक्य पुढं करतात. माझं म्हणणं असं की गेटबाहेरची लाईन ही नुसती हजेरी क्वचितच असते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सिक्युरिटी शिट्टी मारतो, गाडी दहा फूट पुढं घ्यायची, मागचा हॉर्न वाजवतो, पुढं घेतली नाही तर नंबर जातो, मधेच कागद मागतात. हे काम आहे. पण वाद होऊ शकतो हे मान्य करूनच नोंद करा, म्हणजे तो वेळ ड्रायव्हिंगमध्येही मिसळू नका आणि आरामातही मिसळू नका, त्याला स्वतःचा रकाना द्या.

युरोपात ट्रकमध्ये ड्रायव्हरचे तास नोंदवणारं टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यावर चार खुणा असतात, स्टिअरिंग म्हणजे ड्रायव्हिंग, दोन हातोड्या म्हणजे इतर काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे थांबून हजर, आणि पलंग म्हणजे आराम. मी हेच चार रकाने आपल्या वहीत आणले, चालवणं, काम, हजर, आराम. यंत्र लागत नाही, दोनशे पानी वही आणि पेन पुरतं. फक्त दोन गोष्टी मी जास्त घालतो, ड्रायव्हर किती वाजता उठला आणि खोळंबा कशामुळं झाला.

एक दिवस उदाहरणाला घेऊ, तुमच्याच लाईनचा, कोल्हापूरची गाडी:

४.३० उठला
५.४० ते ६.०० निगडीच्या यार्डात टायर, हवा, ऑईल, लाईट बघितले – काम
६.०० ते ७.१० निगडी ते चाकण – चालवणं
७.१० ते १०.५० गेटबाहेर लाईन, टोकन घेतलं, गाडी सारखी पुढं घ्यावी लागली – हजर
१०.५० ते १.२० आत, लोडिंग, माल मोजायला स्वतः उभा – काम
१.२० ते २.०० ताडपत्री, रस्सी, काटा (गाडीचं वजन), बिल्टी (माल गाडीत घेतल्याची पावती), ई-वे बिल (मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) – काम
२.०० गाडी निघाली

काका काय बघतात, गाडी चालली फक्त १ तास १० मिनिटं, म्हणजे माणूस ताजातवाना आहे, रात्री अकरापर्यंत कोल्हापूर गाठेल. वहीत काय दिसतं ते बघा. वादच नको म्हणून हजर असलेला वेळ सोडून दिला तरी चालवणं आणि काम मिळून ४ तास ४० मिनिटं झालीत, म्हणजे आठमधले ३ तास २० मिनिटं उरले. हजरचे ३ तास ४० मिनिटं धरले तर ८ तास २० मिनिटं होऊन गेलेत, आठ तास तर गेटच्या आतच संपले. आणि कुठल्याही बाजूनं धरा, ड्यूटी ५.४० ला सुरू झाली म्हणजे १२ तासांचा पसारा संध्याकाळी ५.४० ला संपतो. त्यात अर्धा तास जेवणाचा. म्हणजे तळेगाव, देहूरोड, मग बायपास, नवले पूल, कात्रजचा बोगदा करत तो शिरवळच्या आसपास पोचेल आणि तिथं गाडी लावायची. कोल्हापूर त्या दिवशी होत नाही. ही गोष्ट दुपारी दोन वाजता तुम्हाला कळायला पाहिजे आणि त्याच वेळी पार्टीला फोन करून सांगायला पाहिजे की माल उद्या येईल, रात्री नऊला ड्रायव्हरच्या मागं लागून काही होत नाही.

खोळंब्याचा सगळ्यात मोठा फटका या पसाऱ्याला बसतो. तास कामाचे होते का नव्हते यावर वकील भांडत बसतील, पण सकाळी सुरू झालेली ड्यूटी संपलेली नाही आणि माणूस जागाच आहे, याबद्दल वादच होऊ शकत नाही.

उठल्याची वेळ मी का लिहितो तेही सांगतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हातापायांवरचं आणि नजरेचं भान रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं उतरतं, हे १९९७ मध्ये अभ्यासातून पुढं आलं. आपल्याकडं दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर लागतो, म्हणजे ०.०३ टक्के. वरच्या उदाहरणातला माणूस साडेचारला उठलाय, रात्री साडेनऊला त्याचे १७ तास भरतात, आणि त्या वेळी त्यानं दारूचा थेंब घेतलेला नसतो, तो नाक्यावर कुठल्याच मशीनमध्ये सापडत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही. ते फक्त तुमच्या वहीतून कळू शकतं.

अमेरिकेत या गोष्टीचा नियम फार स्पष्ट केलाय. १० तास सलग आरामानंतर ड्यूटी सुरू झाली की १४ तासांचं घड्याळ चालू होतं, त्यात ड्रायव्हिंग फार तर ११ तास, आणि माल भरायला गोडाऊनवर चार तास थांबला म्हणून ते १४ चं घड्याळ थांबत नाही. सवलत एवढीच आहे की ड्रायव्हर स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या जागेत, ठरलेल्या हिशेबानं मोठा आराम दोन भागांत घेऊ शकतो. डिसेंबर २०१७ पासून तिथं बहुतेक ट्रकवर इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा आहे, गाडी हलली की ते आपोआप ड्रायव्हिंग लिहितं, आणि गाडी पाच मिनिटं उभी राहिली की ड्रायव्हरला विचारतं आता काय चाललंय, उत्तर दिलं नाही तर आपणहून 'ड्यूटीवर, पण ड्रायव्हिंग नाही' असं धरतं. बघा, यंत्राला कळलं नाही तर ते ड्यूटी धरतं. आपल्याकडं ऑफिसात बसलेल्या माणसाला कळलं नाही की तो आराम धरतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या वहीचा पहिला नियम हाच ठेवा, माहीत नसेल तर ड्यूटी.

घाटातल्या जामचं आता. बोरघाटात, खंबाटकीला, नवले पुलाच्या उतारावर गाडी अडकली की तो वेळ सरळ 'चालवणं' मध्ये. इंजिन बंद करून ड्रायव्हर खाली उतरून शेजारच्या ड्रायव्हरशी बोलत असला तरी, कारण पुढची गाडी कधी हलेल त्याचा नेम नाही आणि उतारावर भरलेली गाडी सोडून कोणी जात नाही. १९६१ च्या त्या कायद्यात एक सूट आहे, गाडी बिघडली, वाहतूक अडकली, नैसर्गिक आपत्ती आली तर ८ तासांच्या पुढं काम चालतं, अटी पाळून. ही सूट खरी आहे आणि वापरायला हरकत नाही, दरड कोसळली, टँकर उलटला, तर माणूस घाटाच्या मध्यात गाडी लावून झोपू शकत नाही, त्याला सुरक्षित जागेपर्यंत यावंच लागतं. पण ती वापरली की लगेच लिहायचं, कुठल्या ठिकाणी, किती वाजता अडकला, किती वाजता सुटला, कशामुळं, आणि नंतर कुठं थांबला. आणि शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर घाट भरणार हे पुण्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं, गणपतीला कोकणात जाणारी गर्दी माहीत असते, त्याला अचानक आलेली अडचण म्हणता येत नाही. ते तास गाडी पाठवतानाच धरून प्लॅन करायचा असतो. अमेरिकेतही अशी दोन तासांची सूट आहे पण निघताना जे माहीत होतं किंवा कळू शकत होतं त्याला ती लागत नाही. मला ही कसोटी योग्य वाटते आणि मी तीच लावतो.

गॅरेजचं लोक सगळ्यात जास्त चुकीचं लिहितात. गाडी बंद पडली, मेकॅनिक यायला चार तास, ड्रायव्हर बोनेटपाशी उभा, पार्ट आणायला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गेला, परत येऊन टॉर्च धरला. ऑफिसात लिहिलं 'गाडी बंद, ड्रायव्हर आराम'. अहो दुरुस्तीचं काम जोडकामात नाव घेऊन लिहिलंय. हा वेळ पूर्ण 'काम'. गाडी मोठ्या वर्कशॉपला लागली, जॉब कार्ड झालं, किल्ली त्यांच्याकडं दिली, त्यांनी सांगितलं उद्या दहाला या, तिथून पुढं मात्र आराम. म्हणून किल्ली कधी दिली ती वेळ लिहा.

तसंच रात्रीच्या राखणीचं. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, एक झोपला तर दुसरा जागा. आता निम्म्याहून जास्त गाड्यांवर मला एकटा ड्रायव्हर दिसतो. हायवेच्या कडेला गाडी लावली की डिझेलची टाकी, बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री कापून माल, या सगळ्याची भीती असते, आणि नुकसान झालं तर पगारातून कापणारे मालक मी पाहिलेत. असा माणूस झोपतो का? दर तासाला उठून टाकीचं झाकण चाचपून येतो. कागदावर ९ तास आराम. माझ्या मते तो आराम नाही, आणि मी ड्रायव्हरला सरळ विचारतो, मामा, झोप लागली का राखण केली, आणि तो जे सांगेल ते लिहितो. उपाय अवघड नाही, ठराविक पेट्रोल पंप आणि वॉचमन असलेले पार्किंग ठरवून ठेवा, रात्रीचे शे-दोनशे रुपये ट्रिपच्या खर्चात धरा, त्याची पावती हीच आरामाची नोंद होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, ते फार चांगलं झालं, एप्रिल-मेमध्ये दुपारी केबिनमध्ये झोप म्हणजे भट्टीत झोप. पण तुमच्या जुन्या गाड्यांना तो नाही, तर उन्हाळ्यात दुपारी उभ्या गाडीतला वेळ आराम म्हणून लिहिताना जरा विचार करा.

न्हावा शेव्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथं पार्किंग प्लाझा आहे, गाडी आत लावली आणि नंबर यायला खरंच वेळ आहे असं कळलं तर ड्रायव्हर अंघोळ, जेवण, झोप करू शकतो, तो आराम धरता येतो. अट एवढीच की हाक आली की तिथं आराम तुटला. रात्री दहाला झोपला, दोनला उठवून गाडी पुढं घ्यायला लावली, अडीचला परत झोपला आणि सातला उठला, तर हे साडेआठ तास होत नाहीत, चार आणि साडेचार असे दोन तुकडे होतात, आणि सलग ९ ची अट तर दोन्हींनी मोडली. तुकडे जोडून पूर्ण रात्र करायची सवय फार ठिकाणी आहे, ती तुम्ही लावून घेऊ नका.

आता सगळ्यात कटकटीची बाब, पुरावा. कंपनीचा सिक्युरिटी इन टाइम लिहून देत नाही हे तुम्ही लिहिलंय, ते सगळीकडं तसंच आहे, गाडी लाईनला लागल्याची वेळ कोणी लिहीत नाही, गेटच्या आत आल्याची लिहितात, म्हणजे बाहेरचे चार तास हवेत. मी ड्रायव्हरला एकच सांगतो, लाईनला लागलास की गेटचा बोर्ड आणि आपली गाडी दिसेल असा एक फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक आणि लोकेशन पाठव. त्यालाच सुपरवायझरनं उत्तर द्यायचं, 'रिपोर्टिंग ७.१०, नोंद केली', आणि तोच मेसेज कंपनीच्या लॉजिस्टिक्सच्या माणसाला फॉरवर्ड. त्यानं उत्तर नाही दिलं तरी चालतं, वेळ तिथं पडलेली असते. मग टोकन, काट्याची पावती, डिझेलचं बिल, टोलचा मेसेज. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर खेड शिवापूर किती वाजता गेलं, आनेवाडी किती वाजता गेलं हे आपोआप मिळतं, ते फुकट आहे, वापरा. जीपीएसमधून इग्निशन कधी बंद झालं ते घ्या, पण त्याला गाडीची नोंद समजा, माणसाची समजू नका.

ई-वे बिलाकडंही लक्ष ठेवा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, आणि खोळंब्यामुळं मुदत संपत आली तर संपायच्या आधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्यातच ती वाढवता येते, तिथं कारण आणि गाडी आत्ता कुठं आहे ते भरावं लागतं. तिथं तुम्ही वाहतूक अडकली लिहिणार आणि वहीत त्याच वेळी आराम लिहिणार, तर उद्या दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले की काय उत्तर देणार?

ओळखीतल्या एका ट्रान्सपोर्टचं सांगतो, नाव घेत नाही. ड्रायव्हर पन्नाशीचा, सगळे मामा म्हणायचे, अतिशय सांभाळून चालवणारा. सकाळपासून एका प्लांटच्या गेटवर, रात्री आठला माल भरून बाहेर, पार्टीला सकाळी माल पाहिजे म्हणून निघाला आणि रात्री एकच्या सुमारास शिरवळच्या पुढं उभ्या कंटेनरला मागून धडकला. वाचला, पण पाय गेल्यातच जमा. ऑफिसात ट्रिप शीटवर दिवसभराचे तास आराम म्हणून भरले होते, कोणी मुद्दाम वाईट म्हणून नाही, तशी पद्धतच होती. नंतर सगळे म्हणाले दिवसभर आराम करून पण मामा झोपला कसा. त्या शीटमुळं दोष पूर्ण त्याच्यावर आला, आणि त्याच्या खिशात सकाळच्या टोकनची चिठ्ठी होती, ती बघायला कोणाला सुचलं नाही बराच काळ. मला आजही या गोष्टीचा राग येतो. खोटी शीट मालकाला वाचवते असं वाटतं पण ती ड्रायव्हरच्या विरुद्धचा कागद असते, आणि टोल-टोकन बाहेर आलं की मालकाच्याही विरुद्ध जाते.

काकांना पटवायचं असेल तर कायद्यापासून सुरू करू नका, हॉल्टिंगपासून करा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याबद्दल पार्टीकडून मिळायच्या पैशांपासून. पार्टीबरोबरच्या रेटमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की अमुक तासांनंतर हॉल्टिंग मिळेल, आणि ते मिळत नाही कारण गाडी कधी पोचली याचा कागदच नसतो. हीच वही, हाच फोटो, हाच मेसेज लावून हॉल्टिंगचं बिल पाठवा. कंपनीचा माणूस पहिल्यांदा कुरकुर करेल, पण वेळेचे कागद बिलाला जोडून जायला लागले की नाही म्हणणं त्याला जड जातं, आणि निदान पुढच्या रेटच्या बोलण्यात तुमच्या हातात काहीतरी असतं. त्यातला काही भाग ड्रायव्हरला हॉल्टिंग भत्ता म्हणून द्या, आजच्या आज ठरवा, कारण ट्रिपवर पैसे मिळणाऱ्या माणसाला थांबलेला तास म्हणजे बुडालेला तास, तो भरून काढायला तो रात्री पळवणारच. भत्ता दिला की तो स्वतःहून वेळ लिहून पाठवतो, मग मागं लागावं लागत नाही.

ड्रायव्हरनं लिहायचं का ऑफिसनं, हे विचारलंत. दोघांनी. तुमच्याकडं काही ड्रायव्हर उत्तर प्रदेश-बिहारचे असतील, काहींना लिहायचा कंटाळा असतो, काहींना जमत नाही, त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला तरी बास, 'गेटपे लग गया', 'लोडिंग चालू', 'अब सो रहा हूँ पंप पे'. सुपरवायझरनं तो ऐकून त्याच वेळी वहीत उतरवायचा. ट्रिप संपल्यावर चार दिवसांचं एकत्र बसून लिहिलेलं मी नोंद मानत नाही, तो अंदाज असतो आणि अंदाज नेहमी आरामाच्या बाजूला झुकतो. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर वेळ, कारण आणि सही. आणि ड्रायव्हरनं 'मला झोप येतेय, मी थांबतो' असा मेसेज टाकला तर त्याला कोणीही उलट फोन करायचा नाही, काकांनी पण नाही, हे आधी घरात बोलून घ्या.

एक राहिलं, तास संपले आणि गाडी प्लांटच्या आतच आहे, लोडिंग झालंय आणि सिक्युरिटी म्हणतोय बाहेर काढा, इथं थांबता येणार नाही. हे रोज होतं. अमेरिकेत याला २०१८ च्या मार्गदर्शनात वाट काढलीय, ड्रायव्हर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेऊ शकतो आणि तो वेळ ड्यूटीबाहेर लिहू शकतो, फक्त पुढच्या मुक्कामाच्या दिशेनं अंतर कापायला ती सवलत वापरायची नाही. आपल्याकडं असं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी तो वेळ चालवण्यातच लिहितो, शेजारी 'तास संपले, पार्किंगपर्यंत' अशी टीप, आणि जागा आधीच ठरवलेली असते. चाकणच्या प्रत्येक प्लांटपासून पाच-सात किलोमीटरच्या आत रात्री भरलेली गाडी लावता येईल अशी एक जागा शोधून तिचा फोन नंबर ड्रायव्हरकडं देऊन ठेवा, दोन जागा मिळाल्या तर उत्तम, कारण एक भरलेली असते.

दोन ड्रायव्हरची गाडी असेल तर दोघांची वेगळी पानं. चालत्या गाडीत मागं झोपलेल्याचा वेळ मी 'हजर' लिहितो, आराम नाही, आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या केबिनमध्ये ती झोप अर्धीच असते. ज्यांच्या गाडीला नीट स्लीपर आहे ते वेगळं लिहू शकतील.

वह्या किती दिवस ठेवायच्या, तर अपघाताचे, इन्शुरन्सचे आणि हॉल्टिंगचे वाद लांबतात म्हणून मी तीन वर्षं ठेवतो, महिन्याच्या गठ्ठ्यात बिल्टीच्या ऑफिस कॉपीला जोडून, आणि ज्या ट्रिपला काही अपघात किंवा भांडण झालंय तिचं पान, फोटो आणि मेसेज वेगळ्या फाईलमध्ये, प्रिंट काढून, कारण ड्रायव्हरचा फोन बदलला की ग्रुपवरचं सगळं शोधत बसावं लागतं.